साक्षरता-मापन

एखाद्या समाजातील किती प्रौढ व्यक्तींना लिहिता, वाचता व हिशेब करता येतो, याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधण्याच्या पद्धतींना स्थूलमानाने साक्षरता-मापन असे म्हणतात. माणसांची गणना आणि साक्षरांची गणना यांत मूलभूत फरक आहे. घरात किती माणसे राहतात, या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिले तरी सहसा बदलत नाही. त्यांपैकी साक्षर किती, याचे उत्तर मात्र काय विचारले, कोणाला विचारले आणि कोणती मर्यादा पुरेशी मानली यांवर अवलंबून असते. त्यामुळे साक्षरतेचा आकडा तो मिळविण्याच्या रीतीपासून वेगळा काढता येत नाही. हा आकडा केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा नाही. मताधिकार, देशांतर, शिक्षणावरील खर्च व शासनाच्या योजना यांबाबतचे निर्णय त्याच्या आधारे घेतले गेले आहेत आणि जे गट त्यातून निसटले, ते या निर्णयांतूनही निसटले आहेत. मापनाचा इतिहास सामान्यतः चार अवस्थांत सांगता येतो : नोंदवह्यांतील सह्या, जनगणनेतील प्रश्न, प्रत्यक्ष चाचणी आणि नमुना पाहणीवर आधारलेले गटांचे अंदाज. यांतील कोणतीही अवस्था पूर्णपणे मागे पडलेली नाही.

नोंदवह्यांतील पुरावा : साक्षरतेची मुद्दाम गणना सुरू होण्यापूर्वीच्या काळाबद्दल इतर कारणांसाठी ठेवलेल्या नोंदींचाच आधार घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने ओळखला जाणारा विवाहविषयक कायदा १७५३ मध्ये संमत झाला व १७५४ पासून अमलात आला. त्यानुसार वधूवरांना विवाहनोंदवहीत सही करणे किंवा सही येत नसल्यास खूण करणे आवश्यक ठरले. अशा रीतीने समाजातील जवळजवळ सर्व थरांतील स्त्रीपुरुषांबद्दल एकाच स्वरूपाचा पुरावा आपोआप साठत गेला. १८३९ पासून महानिबंधकाच्या कार्यालयाने या सह्यांचे वार्षिक आकडे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १८४१ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सु. ६७% वर आणि ५१% वधू सही करू शकल्या. १९०० च्या सुमारास दोन्ही प्रमाणे सु. ९७ टक्क्यांवर पोहोचली होती.

फ्रान्समध्ये लुई मॅजिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने १८७७–७९ या काळात सु. सोळा हजार शाळाशिक्षकांच्या साहाय्याने ठिकठिकाणच्या विवाहनोंदींतील सह्या मोजून घेतल्या. त्यावरून १६८६–९० मध्ये सु. २९% पुरुष व १४% स्त्रिया, तर १७८६–९० मध्ये ४७% पुरुष व २७% स्त्रिया सही करू शकत असल्याचे दिसून आले. सँ-मालो ते जिनीव्हा अशी रेषा काढल्यास तिच्या उत्तरेकडील भागात साक्षरता अधिक व दक्षिणेकडे कमी, ही त्या देशाच्या इतिहासलेखनात पुढे वारंवार चर्चिली गेलेली विभागणीही याच पाहणीतून पुढे आली.

सहीवरून साक्षरता ठरविण्यात एक अडचण आहे. त्या काळी मुलांना प्रथम वाचन व नंतर लेखन शिकवीत. गरीब घरांतील मुले, विशेषतः मुली, लेखनाची पायरी येण्यापूर्वीच शाळा सोडीत. त्यामुळे सही न करणाऱ्यांतही वाचता येणारे अनेक असत; उलटपक्षी, केवळ नाव गिरवायला शिकलेलेही सही करणाऱ्यांत मोडत. रॉजर स्कोफील्ड या इतिहासकाराने १९६८ मध्ये या प्रश्नाची चिकित्सा केली. सही करणाऱ्यांचे प्रमाण हे अस्खलित लेखन येणाऱ्यांपेक्षा अधिक आणि नुसते वाचन येणाऱ्यांपेक्षा कमी असे मधले माप आहे; तथापि ते सर्व काळी व सर्व प्रदेशांत एकाच स्वरूपात उपलब्ध असल्याने तुलनेसाठी उपयुक्त ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते.

वाचन व लेखन यांतील हे अंतर स्वीडनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानंतर धर्मोपदेशक प्रत्येक कुटुंबाची परीक्षा घेऊन वाचन व धर्मपाठ यांची नोंद व्यक्तिवार करू लागले. या वह्यांवरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचन जवळजवळ सार्वत्रिक झाले असावे, असे अनुमान निघते. लेखन मात्र सर्वसामान्यांत एकोणिसाव्या शतकात पसरले. म्हणजे एकाच काळातील एकच समाज वाचनाच्या कसोटीवर साक्षर व लेखनाच्या कसोटीवर निरक्षर ठरू शकतो.

जनगणनेतील प्रश्न : एकोणिसाव्या शतकात अनेक देशांच्या जनगणनांत साक्षरतेचा प्रश्न समाविष्ट झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८४० मध्ये प्रत्येक कुटुंबात लिहिता-वाचता न येणारे वीस वर्षांवरील गोरे किती, एवढेच विचारले गेले. कृष्णवर्णीयांची साक्षरता विचारातच घेतली नव्हती. १८७० च्या गणनेत वाचन व लेखन यांविषयी स्वतंत्र प्रश्न होते. त्या वर्षी चौदा वर्षे व त्यांवरील लोकसंख्येत निरक्षरांचे प्रमाण २०% होते. परंतु गोऱ्या लोकांत ते ११·५%, तर कृष्णवर्णीय व इतर यांत ७९·९% होते. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकविणे कायद्याने निषिद्ध होते, त्याचा हा परिणाम होय. सरासरी आकडा गटांतील अंतर कसे झाकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. निरक्षरांचे नोंदलेले प्रमाण फार कमी झाल्याने १९४० पासून त्या देशाच्या जनगणनेत साक्षरतेऐवजी शालेय शिक्षणाची वर्षे विचारली जाऊ लागली. काही इयत्ता पूर्ण करणारा साक्षर असणारच, हे त्यामागील गृहीत होते. ते पुढे प्रत्यक्ष चाचण्यांनी डळमळीत केले.

भारतातील जनगणना : भारतात १८८१ व १८९१ च्या जनगणनांत लोकसंख्येचे शिकत असलेले, साक्षर व निरक्षर असे तीन वर्ग केले होते. १९०१ मध्ये पहिला वर्ग काढून टाकून साक्षर व निरक्षर असे दोनच वर्ग ठेवण्यात आले. त्या वर्षी साक्षरतेचे प्रमाण ५·३५% (पुरुष ९·८३%, स्त्रिया ०·६०%) नोंदले गेले. १९११ मध्ये कसोटी अधिक नेमकी झाली : मित्राला पत्र लिहिता येणे व त्याचे आलेले उत्तर वाचता येणे, हे साक्षरतेचे लक्षण ठरले. या कसोटीनुसार पोथी वाचता येणारी, परंतु पत्र लिहिता न येणारी व्यक्ती निरक्षर ठरते. मराठी प्रदेशात हा प्रश्न आणखी एका अंगाने लागू होता. तेथे हस्तलेखन व जमाखर्च मोडी लिपीत आणि छापील ग्रंथ बालबोध लिपीत अशी विभागणी विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती. एका लिपीत सरावलेला माणूस दुसऱ्या लिपीतही तितकाच सरावलेला असेल असे नव्हते. साक्षर-निरक्षर या दोन रकान्यांत अशा आंशिक कौशल्यांना जागा नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता व वाचता येणे ही व्याख्या स्थिरावली. नुसते वाचता येणारा, पण लिहिता न येणारा तीत बसत नाही; औपचारिक शिक्षणाची वा परीक्षेची अट नाही; ब्रेल लिपी वाचणारी अंध व्यक्ती साक्षर समजली जाते. व्याख्या स्थिर झाली, तरी छेद बदलत राहिला. १९८१ च्या जनगणनेचे उदाहरण बोलके आहे. सर्व लोकसंख्येशी तुलना केल्यास त्या वर्षीची साक्षरता सु. ३६·२%, पाच वर्षे व त्यांवरील लोकसंख्येशी केल्यास सु. ४१·४% आणि सात वर्षे व त्यांवरील लोकसंख्येशी केल्यास सु. ४३·६% येते. साक्षरांची संख्या तीच, केवळ छेद बदलल्याने सात टक्क्यांहून अधिक फरक पडतो. १९९१ पासून सात वर्षांखालील सर्व मुले निरक्षर मानण्याची पद्धत स्वीकारून प्रमाण सात वर्षे व त्यांवरील लोकसंख्येवर काढले जाते. त्यामुळे जुन्या-नव्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडताना ते एकाच पायावरचे आहेत किंवा नाहीत, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

टक्केवारी आणि संख्या यांतूनही वेगवेगळी चित्रे निघतात. साक्षरतेची टक्केवारी १९०१ पासून प्रत्येक जनगणनेत वाढलेली दिसते. परंतु लोकसंख्यावाढीमुळे निरक्षरांची एकूण संख्या १९९१ पर्यंत वाढतच होती. १९९१–२००१ या दशकात ती प्रथमच घटली. २०११ च्या अंतिम आकड्यांनुसार देशाची साक्षरता सु. ७३% (पुरुष ८०·९%, स्त्रिया ६४·६%), तर अनुसूचित जमातींची सु. ५९% होती. महाराष्ट्राची साक्षरता ८२·३% होती. तथापि मुंबई उपनगर जिल्ह्यात ती सु. ९०%, तर आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात सु. ६४% होती. राज्याच्या एकाच सरासरीत एवढे अंतर सामावलेले होते.

जनगणनेच्या पद्धतीत एक अंगभूत मर्यादा आहे. प्रगणक कोणाची चाचणी घेत नाही. कुटुंबातील जी व्यक्ती माहिती देते, तिच्या सांगण्यावर तो विसंबतो. सून, वृद्ध आई किंवा कामाला गेलेला मुलगा यांच्याबद्दलचे उत्तर बहुधा दुसराच कोणीतरी देतो. निरक्षर म्हणवून घेण्याचा संकोच, सही येते म्हणजे साक्षर असा समज आणि फार पूर्वी शिकलेले विसरून गेलेले असणे या कारणांनी या उत्तरांत अभिनती शिरते. संपूर्ण लोकसंख्या मोजली, तरी ती दूर होत नाही. कारण चूक मोजलेल्यांच्या संख्येत नसून विचारण्याच्या रीतीत असते.

कसोटी आणि हक्क : साक्षरतेची कसोटी ही सत्तेचेही साधन होऊ शकते. मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या संविधानाने मतदारनोंदणीसाठी संविधानातील कलम वाचता येण्याची किंवा त्याचा अर्थ सांगता येण्याची अट घातली. उत्तर समाधानकारक आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याकडे होता. दक्षिणेकडील इतर राज्यांनीही अशाच तरतुदी करून कृष्णवर्णीयांना मोठ्या प्रमाणावर मताधिकारापासून दूर ठेवले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा चाचण्या ज्या प्रदेशांत तहकूब केल्या, त्यांची व्याप्ती १९७० मध्ये सर्व देशभर वाढविण्यात आली. त्याच देशाच्या १९१७ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील स्थलांतरितांना त्यांच्या भाषेतील तीस ते चाळीस शब्द वाचून दाखविणे सक्तीचे केले होते.

भारतात १९३५ च्या कायद्यानुसार मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून होता आणि काही प्रांतांत साक्षर असणे ही स्त्रियांना मत मिळण्याची एक पात्रता होती. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाने ही पात्रता पूर्णपणे रद्द केली. १९५१ च्या जनगणनेत पाच वर्षांवरील लोकसंख्येपैकी केवळ १८·३% लोक साक्षर नोंदले गेले होते. त्याच सुमारास झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी निवडणूक चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवण्यात आली. साक्षरता ही नागरिकत्वाची पूर्वअट नसून ते राज्याने पुरे करावयाचे काम आहे, अशी भूमिका यातून व्यक्त झाली. तेव्हापासून साक्षरतेचे माप हे नागरिकाच्या पात्रतेपेक्षा शासनाच्या कामगिरीचे माप बनले.

वयाच्या आकड्यांतून गणनक्षमता : वाचन-लेखनाच्या तुलनेने हिशेब करण्याच्या क्षमतेकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. जुन्या जनगणनांत तिच्याविषयी प्रश्न नाही. परंतु एक अप्रत्यक्ष पुरावा सापडतो. ज्या समाजात लोकांना आपले नेमके वय ठाऊक नसते, तेथे ते पूर्णांकात सांगण्याकडे कल असतो. परिणामी वयाच्या तक्त्यात ३०, ३५, ४०, ४५ या वयांची माणसे अवास्तव जास्त आणि ३१, ३९, ४१ या वयांची फार कमी आढळतात. जॉर्ज चँडलर व्हिपल (१८६६–१९२४) या अमेरिकन आरोग्य-अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक हा कल मोजतो. २३ ते ६२ या वयोगटातील शून्य किंवा पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांची एकूण संख्या पाचाने गुणून तिचे त्या वयोगटाच्या एकूण संख्येशी शेकडा प्रमाण काढतात. वये अचूक सांगितली गेली असल्यास उत्तर सु. १०० येते, सर्वांनीच अशी पूर्णांक वये सांगितल्यास ते ५०० येते. अहर्न, बाटेन व क्रायेन या आर्थिक इतिहासकारांनी २००९ मध्ये या निर्देशांकाचे रूपांतर वय अचूक सांगणाऱ्यांच्या अंदाजी टक्केवारीत करून अनेक शतकांतील गणनक्षमतेची तुलना केली.

हा पुरावा सावधपणे वापरणे आवश्यक आहे. वय सांगणारी व्यक्ती पुष्कळदा कुटुंबप्रमुख किंवा लिहून घेणारा कारकून असतो. शिवाय जन्मतारखेची गरज न भासणारा समाज वय वर्षांत न मोजता घटनांनी मोजतो. महाराष्ट्रातील खेड्यांत प्लेगचे साल, बहात्तरचा दुष्काळ अशा खुणांनी वय सांगण्याची रीत होती व प्रगणकही स्थानिक घटनांच्या आधारे वयाचा अंदाज घेत. अशी व्यक्ती बाजारातील हिशेबात चुकेल, असे म्हणता येत नाही. पंतोजींच्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करवून घेत. लेखी गणिताशिवाय तोंडी हिशेबाची ही परंपरा साक्षरतेच्या रकान्यात कोठेच उमटत नाही. ब्राझीलमधील रेसीफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना केलेल्या हिशेबांत त्यांची सु. ९८% उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सु. ३७ टक्क्यांवर घसरले. पाहिलेली मुले थोडी होती. तथापि गणनक्षमतेचे माप प्रश्न कोणत्या स्वरूपात विचारला यावर किती अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रत्यक्ष चाचणी : पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांची चाचणी घेतली असता सु. एक चतुर्थांश जवानांना वृत्तपत्र समजून वाचता किंवा घरी पत्र लिहिता येत नसल्याचे आढळले. जनगणनेच्या आकड्यांवरून अशी कल्पना येत नव्हती. युनेस्कोने १९५८ मध्ये दैनंदिन जीवनाविषयीचे लहान, साधे विधान समजून लिहिता-वाचता येणे अशी साक्षरतेची व्याख्या केली. १९७८ मध्ये तिला कार्यात्मक साक्षरतेची, म्हणजे आपल्या गटात व समाजात परिणामकारक रीतीने वावरण्यास पुरेशा वाचन, लेखन व हिशेबाची जोड दिली. त्यामुळे साक्षरता ही होय किंवा नाही अशा उत्तराची बाब न राहता कमी-अधिक असणारी गोष्ट ठरली.

या कल्पनेला संख्याशास्त्रीय रूप देणाऱ्या पाहण्यांत अमेरिकेतील १९९२ ची राष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणी महत्त्वाची आहे. तीत सु. २६,००० प्रौढांकडून बँकेत भरणा करण्याच्या चिठ्ठीवरील बेरीज, नकाशावरील चौक शोधणे, वृत्तपत्रातील मजकुराचा आशय सांगणे अशी कामे करवून घेतली. गद्य, दस्तऐवज व संख्या असे तीन मापदंड ठरवून प्रत्येकावर ० ते ५०० गुण व पाच स्तर कल्पिले होते. २१ ते २३% प्रौढ, म्हणजे सु. चार ते साडेचार कोटी लोक, सर्वांत खालच्या स्तरात आढळले. १९९४ मध्ये अशाच धर्तीची आंतरराष्ट्रीय पाहणी सुरू झाली. तीत भाग घेतलेल्या फ्रान्सने आकड्यांच्या तुलनीयतेबद्दल शंका घेऊन आपले निष्कर्ष १९९५ मध्ये मागे घेतले. एकाच प्रश्नाचे वेगवेगळ्या भाषांतील रूप सारखेच कठीण असते काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

स्तर ठरविण्यातही संकेताचा भाग असतो. एखादे काम एखाद्या व्यक्तीला ‘येते’ असे केव्हा म्हणावे? १९९२ च्या पाहणीत असे काम यशस्वी होण्याची संभाव्यता ८०% असावी, असा निकष होता; २००३ च्या पाहणीत तो ६७% करण्यात आला व तुलनेसाठी जुन्या आकड्यांची फेरमांडणी करावी लागली. लोकांची कौशल्ये तीच असूनही निकष सैल वा कडक केल्याने खालच्या स्तरांतील लोकांची संख्या लक्षावधींनी बदलते.

नमुना पाहणी व गटांचे अंदाज : प्रत्येक प्रौढाची चाचणी घेणे अशक्य असल्याने यदृच्छ पद्धतीने निवडलेल्या नमुन्यावरून अंदाज करतात. या शास्त्राच्या विकासात प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. सुखात्मे (१९११–९७) या भारतीय संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. नमुन्याचा आकार व अंदाजाची खात्री यांचा संबंध साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. यदृच्छ निवडलेल्या १,००० प्रौढांपैकी ७०% जणांना परिच्छेद वाचता आला, तर खरे प्रमाण बहुधा (१०० पैकी ९५ वेळा) ७० च्या आजूबाजूस सु. ३ टक्क्यांच्या आत असते. परंतु त्याच नमुन्यातील एखाद्या लहान गटाच्या, समजा ५० स्त्रियांच्या, बाबतीत हीच सीमा सु. १३ टक्क्यांपर्यंत रुंदावते. पाहणी निवडक गावांपुरतीच असल्यास एका गावातील माणसे परस्परांसारखी असल्याने ती आणखी वाढते. म्हणजे देशाचा आकडा खात्रीचा असला, तरी ज्या गटांसाठी तो सर्वांत निकडीचा असतो, त्यांचाच अंदाज सर्वांत ढोबळ असतो.

दुसरी अडचण वेळेची आहे. एक तासाच्या मुलाखतीत सर्व प्रश्न विचारता येत नाहीत; म्हणून प्रश्नांचे लहान संच करून प्रत्येकास वेगळा संच देतात. वेगवेगळे प्रश्न सोडविणाऱ्यांना एकाच मापदंडावर आणण्यासाठी प्रश्नाची कठीणता व व्यक्तीची क्षमता यांचा संबंध मांडणारी प्रतिमाने वापरतात. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग रास्क (१९०१–८०) यांचे १९६० मधील काम या विषयात पायाभूत मानले जाते. उत्तरे थोडी असल्याने व्यक्तीची क्षमता एका आकड्यात निश्चित होत नाही. म्हणून तिची उत्तरे आणि वय, शिक्षण, व्यवसाय इ. माहिती यांवरून तिचे अनेक संभाव्य गुण काढतात व सर्वांच्या साहाय्याने गटाचा अंदाज व त्यातील अनिश्चितता ठरवितात. हे गुण व्यक्तीची गुणपत्रिका नव्हेत. गटाच्या वर्णनापलीकडे त्यांचा उपयोग करणे चुकीचे ठरते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०११–१२ मध्ये २४ देशांतील सु. १,६६,००० प्रौढांची (वय १६ ते ६५) याच पद्धतीने पाहणी केली व साक्षरतेबरोबर गणनक्षमतेसाठी स्वतंत्र मापदंड वापरला. जपान व फिनलंड हे देश तीत अग्रभागी होते. २०२२–२३ मधील दुसऱ्या आवर्तनात ३१ देश व अर्थव्यवस्था सहभागी झाल्या. पहिल्या वेळी पाहणीची भाषा न येणाऱ्या स्थलांतरितांची मुलाखतच होऊ शकत नव्हती. दुसऱ्या वेळी अशांसाठी त्यांच्या भाषेतील छोटी प्रश्नावली दारातच भरून घेण्याची सोय करण्यात आली. ज्यांना विचारता येत नाही, त्यांना वगळल्यास सरासरी कृत्रिमपणे उंचावते, या जाणिवेतून हा बदल झाला. भारत या पाहणीत सहभागी झालेला नाही.

लहान प्रदेशांचे आकडे मिळविण्यासाठी लघुक्षेत्र-अंदाज ही पद्धत वापरतात. रॉबर्ट फे व रॉजर हेरिअट यांनी १९७९ मध्ये मांडलेले प्रतिमान आणि भारतीय वंशाचे संख्याशास्त्रज्ञ जे. एन. के. राव यांचे लेखन या शाखेत प्रमाणभूत मानले जाते. ज्या जिल्ह्यांत पाहणी झाली, तेथील कौशल्ये आणि जनगणनेतून कळणारे शिक्षण, उत्पन्न, वय इ. घटक यांचा संबंध काढून तो इतर जिल्ह्यांना लावतात. अमेरिकेत अशा रीतीने तीन हजारांहून अधिक काउंट्यांचे साक्षरता व गणनक्षमता यांचे अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष पाहणी मात्र त्यांपैकी दोनशेहून कमी काउंट्यांत झाली होती. अशा अंदाजाचा अर्थ ‘या स्वरूपाच्या प्रदेशात सामान्यतः एवढे’ असा असतो. एखाद्या तालुक्यात निष्ठेने चाललेल्या वर्गामुळे तेथील स्त्रिया वाचू लागल्या असतील, तर प्रतिमानाला ते सहसा दिसत नाही.

भारतातील चाचण्या व पाहण्या : महाराष्ट्रात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. तीत गाव पूर्ण साक्षर झाल्याचे समारंभपूर्वक जाहीर करीत. राज्याची साक्षरता १९६१ मध्ये २९·८% व १९७१ मध्ये ३९·२% (सर्व लोकसंख्येच्या) नोंदली गेली. नवसाक्षरांना वाचनसाहित्य व सराव न मिळाल्यास ते पुन्हा निरक्षर होतात, ही अडचण अशा सर्व मोहिमांना जाणवली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने म्हणून नेमक्या कसोट्या घातल्या : मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचणे, १० शब्द पाहून उतरविणे, ७ शब्द ऐकून लिहिणे, १ ते १०० अंक ओळखणे व साधे हिशेब करणे. एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झाल्यावर इतरत्रही मोहिमा निघाल्या. त्यांच्या मूल्यमापनासाठी नेमलेल्या अरुण घोष समितीचा अहवाल १९९४ मध्ये आला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कमी शिकलेल्या स्त्रीपुरुषांपुढे वाक्य लिहिलेला पत्ता धरून ते वाचून घेतात. ऐकीव उत्तराऐवजी प्रत्यक्ष वाचनाची ही साधी चाचणी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७–१८) मात्र जनगणनेप्रमाणेच विचारून माहिती घेतली व सात वर्षांवरील साक्षरता ७७·७% आढळली. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने २०२३ मध्ये २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची चाचणी घेतली : सु. एक चतुर्थांश जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत अस्खलित वाचता आला नाही, तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३·३% जणांनाच सोडविता आले. विचारून मिळणारी साक्षरता व चाचणीत दिसणारे कौशल्य यांतील अंतर यावरून लक्षात येते.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी घेतात. २०२४ मध्ये केंद्र शासनाने ९५% साक्षरता म्हणजे पूर्ण साक्षरता असे ठरविले. त्यानुसार गोवा ३० मे २०२५ रोजी पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले. येथेही ‘पूर्ण’ हा शब्द एका संकेताचा वाचक आहे. उरलेले पाच टक्के बहुधा वृद्ध, स्थलांतरित मजूर व अपंग यांसारख्या दूरच्या गटांतील असण्याचा संभव असतो. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने देशाचे जिल्हावार आकडे २०११ चेच राहिले. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही आहे.

साक्षरतेचे वाटपही महत्त्वाचे असते, हे कौशिक बसू व जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखविले. ज्याच्या घरात निदान एक साक्षर आहे, त्या निरक्षराला पत्र, औषधाची चिठ्ठी वा सरकारी नोटीस वाचून घेता येते. ज्याच्या घरात कोणीच साक्षर नाही, त्याची स्थिती अगदी वेगळी असते. साध्या टक्केवारीत दोघांची गणना सारखीच होते. शंभर साक्षर वीस घरांत एकवटलेले असणे व शंभर घरांत विखुरलेले असणे यांतील फरक म्हणूनच वेगळा मोजावा लागतो.

सहीपासून संगणकीय प्रतिमानापर्यंतच्या या प्रवासात मापने सूक्ष्म होत गेली. परंतु प्रत्येक मापाने काही माणसे पुढे आणली, तर काही आड केली. सहीने वाचणाऱ्या स्त्रियांना आड केले, पत्राच्या कसोटीने पोथी वाचणाऱ्यांना, लेखी गणिताने तोंडी हिशेब करणाऱ्यांना आणि पाहणीच्या भाषेने स्थलांतरितांना. साक्षरतेचा कोणताही आकडा वाचताना त्यामागील कसोटी, छेद, माहिती देणारी व्यक्ती, नमुन्याचा आकार व वगळलेले गट हे पाच तपशील पाहिल्यास त्याचा अर्थ योग्य रीतीने लागतो. हे तपशील न देता मांडलेला आकडा प्रगतीचा भास निर्माण करू शकतो. ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोहोचावयाचे आहे, ते कोण व कोठे आहेत, हे मात्र त्यातून कळत नाही.